ज्या वाक्याला दार नाही

माझ्या व्याह्यांइतका वाचला जाणारा लेखक शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत दुसरा झालेला नाही, आणि यापुढे होईलसं मला वाटत नाही. त्यांच्याइतका उद्धट लेखकही झालेला नाही. हे मी नात्यापोटी म्हणत नाही. नात्यापोटी म्हणायचं असतं तर दुसरं वाक्य गाळलं असतं. त्यांचं एकही पुस्तक नाही. ते लिहितात खडूने, आणि लिहितात एसटी थांब्याच्या भिंतीवर. धसईच्या पुढे त्यांचं गाव आहे. थांब्याचं छप्पर निम्मं उडालेलं आहे, पण मागची भिंत त्यांनी काळी रंगवून घेतली आहे आणि ती सर्वस्वी त्यांची आहे. गावाला एक बंधारा आहे, बंधाऱ्यापासून एक पाट निघतो आणि हिवाळ्यात त्या पाटाच्या पाण्यावर गाव भेंडी काढतं. कोणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते पाणी-सोसायटी ठरवते, आणि सोसायटीचे चेअरमन माझे व्याही. किती वर्षं, ते कोणालाच नीट आठवत नाही. पाण्याची पाळी जाहीर करायला खरं तर एक ओळ पुरते. व्याह्यांची नोटीस मात्र भिंतीच्या वरच्या कडेपासून सुरू होते आणि खाली बसणाऱ्यांच्या पाठीला लागून पुसली जाते.

नमुना द्यायचा तर हा घ्या. 'शनवारी पाट साफ करायचा हाय. फावडा घेऊन या. मागच्या टायमाला तिघं कमरंवर हात ठेवून उभे होते. विठोबाला ते शोभतं, त्याला भेंडी लावायची नसती.' किंवा हा. 'पाटात म्हशी घालू नका. म्हशीला कलत नाय, मालकाला कलतं असा माझा समज होता.' माझ्या मुलीचं त्यांच्या मुलाशी लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापली होतीच, पण भिंतीवरही निमंत्रण होतं: 'चेअरमनच्या पोराचा लगीन. सगल्यांनी यायचा. मागच्या लग्नात पंगतीत बसून भाजी खारट म्हननाऱ्यांनी घरून जेवून यावा आनि नुसता नाचावा.' माझी भातसानगरची मंडळी एसटीतून उतरली ती थेट या मजकुरासमोर. मी त्या वेळी धरणाच्या कचेरीत कारकून होतो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' या चालीवर माझी सगळी नोकरी झाली. 'मी' हा शब्द कचेरीत बसून लिहिल्याचं मला स्मरत नाही. मुलगी कुठल्या घरात देतो आहोत, असं त्या भिंतीपुढे उभं राहून माझ्या मनात आलं होतं. माझ्या मावसभावाने तर भाजी मागायच्या आधी दोनदा विचार केला.

माणूस दिसायला काटकुळा, चालायला घाईचा. शर्टाच्या खिशात पेन नाही, खडूच. त्यामुळे त्यांच्या यच्चयावत शर्टांना छातीवर पांढरा डाग आहे आणि विहीणबाईंनी तो धुवायचा नाद केव्हाच सोडला आहे. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बंडीच्या आत. फोन आला की तो कानाला न लावता तोंडासमोर माइकसारखा धरतात आणि पलीकडचा माणूस मुरबाडला असेल तर मुरबाडपर्यंत ऐकू जाईल इतपत बोलतात. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेला दरवर्षी बैल घ्यायचा म्हणून जातात, बाजारभर हिंडून बैलांचे दात आणि मालकांच्या पाट्या तपासतात, आणि मोकळ्या हाताने परत येतात. एकदा मी बरोबर होतो. एका माणसाने बैलाच्या गळ्यात 'गरीब व कष्टाळू' अशी पाटी अडकवली होती. व्याह्यांनी ती वाचली, बैलाकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्ये बैलाला वाचून दाखवला काय?" मला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता, हे पुढे कळलं.

कारण त्यांची लिहिण्याची रीतच तशी होती. भिंतीवर ज्याच्याबद्दल काही लिहायचं, त्याच्या घरी आदल्या संध्याकाळी जायचं, ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा आणि मजकूर तोंडावर म्हणून दाखवायचा. मग सकाळी लिहायचं. त्यांच्या शेजारच्या शेताचा पांडू नावाचा एक मालक आहे. पाटाची फळी रात्री हळूच सरकवून पाणी आपल्याकडे वळवायचं, हा त्याचा जुना छंद. पांडूवर इतक्या नोटिसा झाल्या आहेत की त्याच्या बायकोला व्याह्यांच्या चपलांचा आवाज ओळखू येतो. ती आधीच चहा टाकते. पांडू ऐकून घेतो, भांडतो, एखादा शब्द बदलून मागतो, आणि कधी कधी बदलून मिळतोही. "एवढा उपद्व्याप कशाला?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "भिंतीवर लिवलेला सगला गाव वाचतो, व्याही. ज्याच्यावर लिवलाय त्यानी पयला ऐकला पायजे. नायतर ती चुगली झाली." मी मान डोलावली. मनात म्हटलं, कचेरीत हा नियम लावला असता तर एकाही मेमोवर सही झाली नसती.

अशा माणसाचं लिहिणं बिघडायला एक सरकारी बैठक पुरली. मुरबाडला कसलीशी पाण्याची बैठक होती. भिंतीचा फोटो कोणीतरी फिरवलेला होता. एका तरुण साहेबांनी तो मोबाइलवर काढून, यांच्या बोलीची नक्कल करत, सगळ्यांसमोर वाचला. हॉल खो खो हसला. व्याहीही हसले म्हणतात. पण घरी आल्यावर दोन दिवस भिंतीकडे फिरकले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीला हाक मारून म्हणाले, "पोरी, तुज्या बापासारखा लिवायला कसा येल?" हे मुलीने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी खुर्चीत जरा ताठ बसलो, हे कबूल करतो. पण बापाचा नंबर देण्याऐवजी तिने सासऱ्यांच्या मोबाइलवर एआय घालून दिलं, बोललं की लिहून देणारं. मला जरा लागलंच. फुकट लिहून दिलं असतं मी.

त्या एआयचं नाव त्यांनी 'मास्तरीण' ठेवलं, कारण तिचा आवाज बाईचा होता आणि ती चुका न दाखवता दुरुस्त करायची. सकाळी पडवीत उकिडवं बसून, मोबाइल माइकसारखा धरून ते तिला नोटिशीचा विषय सांगत. विषय एका ओळीचा असे. पण कोण कोणाचा मेहुणा, कोणाच्या बांधावरून भांडण कसं सुरू झालं, तेव्हा कोण काय बोललं, ही पूर्वपीठिका दिल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. मास्तरीण सगळं ऐकून म्हणायची, "समजलं, चेअरमनसाहेब." व्याही खूश. "ऐकून घेती," ते मला कौतुकाने सांगत, "मधी बोलत नाय. आमच्या कमिटीत असा एक मानूस दाखवा." जेवायच्या वेळी मोबाइल बंद करताना तिला "चल, तू पन जेवून घे" म्हणायचे. मुलगी म्हणायची, "मामा, ती जेवत नाही." त्यावर ते म्हणत, "म्हनून काय इचारायचा नाय?"

पहिली नवी नोटीस भिंतीवर लागली आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आली. 'सर्व सन्माननीय शेतकरी बंधू-भगिनींनो, सस्नेह नमस्कार. आपल्या सर्वांच्या अमूल्य सहकार्यामुळे यंदाचा पाणीवाटप कार्यक्रम यशस्वीपणे राबविण्यात येत आहे, याचा मनस्वी आनंद होतो.' मला म्हणाल तर ती उत्कृष्ट होती. मी ती माझ्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली 'आमचे व्याही' असं लिहिलं. गावात मात्र गडबड उडाली. दुपारी दोन बायका विहीणबाईंकडे तब्येतीची चौकशी करायला आल्या. "चेअरमनला बरा नाय काय गो? सगल्यांचे आभार मानतात, म्हनून इचारला." माणूस निरोपाचं बोलू लागला की गावाला काळजी वाटते. संध्याकाळपर्यंत दुसरा तर्क निघाला, की तब्येत ठणठणीत आहे, जिल्हा परिषदेला उभे राहतायत. आणि पांडूच्या घरी चहा गार झाला. फळी त्याने आदल्या रात्रीही सरकवली होती. त्यावर काहीच न लिहिता, न येता, चेअरमन 'अमूल्य सहकार्य' म्हणतात, याचा त्याला राग आला. बायकोला म्हणाला, "मी आता त्यांच्या हिशोबात नाय."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात बंधाऱ्याचं पाणी लवकर खाली गेलं. पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला डोंगराकडच्या वाडीवरच्या चार घरांची शेतं आहेत. तिथपर्यंत पाणी नीट पोचत नाही म्हणून ती घरं इतकी वर्षं भाताशिवाय काही लावत नव्हती. त्या वर्षी व्याह्यांनीच त्यांना भेंडी लावायला भरीला घातलं होतं. "पानी मी देतो," हे त्यांचे शब्द. झाडं गुडघ्याएवढी झाली, फुलं धरली, आणि पाणी आटलं. वरच्या शेतांनी आपापली एकेक पाळी सोडली तर खालची भेंडी जगणार होती, नाहीतर जाणार होती. आणि भेंडीबरोबर चेअरमनचा शब्दही.

व्याह्यांनी मास्तरणीकडून आवाहन लिहून घेतलं. त्यात 'जलबचत ही काळाची गरज आहे' होतं, 'आपण सर्वांनी मिळून' होतं, 'एक पाऊल सामंजस्याच्या दिशेने' होतं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. काहींनी हात जोडले, काहींनी फुलं टाकली, एकाने गुलाबाच्या ताटव्यावर 'सुविचार' म्हणून तेच छापून परत पाठवलं. पाटावर मात्र एकही फळी हलली नाही.

मी त्या दिवशी लेकीकडे आलो होतो. व्याही म्हणाले, "चला, टोकाला जाऊन येऊ." पाटाच्या कडेने आम्ही खाली गेलो. शेवटच्या शेतात जमीन भेगाळली होती आणि भेंडीची पानं मान टाकून होती. भागीबाई नावाची म्हातारी तिथे सुकलेली पानं काढत बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही. म्हणाली, "चेअरमन, तुमी मोबाइलवर लिवलेला नातीकडून वाचून घेतला. लय गोड हाय. पन त्ये सांगतंय कोनाला?"

व्याह्यांनी वाकून एक सुकलेलं पान खुडलं आणि ते परत वळले. ज्या माणसाच्या तोंडाची मला लाज वाटायची, त्याला असं परत वळताना बघून मला फार वाईट वाटलं.

परत येताना ते थांब्यावरच बसले, भिंतीला पाठ लावून. पिशवीतून मोबाइल काढला. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, "काल लिवला त्यातला एकेक वाक्य वाच. मी सांगन ते काढ." तिने वाचायला सुरुवात केली. 'जलबचत ही काळाची गरज आहे.' व्याही माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्ये मी कोनाच्या दारात वाचू, व्याही? ह्या वाक्याला दारच नाय." मग मोबाइलला, "काढ." पुढचं वाक्य. "काढ." त्याच्या पुढचं. "ह्ये पन काढ." मी शेजारी बसून ऐकत होतो. प्रत्येक वाक्य मी लिहिलं असतं तसंच होतं, आणि एकेक उडत होतं. माझी सगळी नोकरी डोळ्यांदेखत खोडली जात होती. शेवटी 'नमस्कार' तेवढा उरला. तेव्हा मास्तरणीने विचारलं, "चेअरमनसाहेब, हे नेमकं कोणाकोणाला सांगायचं आहे? नावं सांगाल का?"

"ह्यो शाना सवाल," व्याही म्हणाले. "भागीबाईनी तोच केला. आदी का नाय इचारलास?" आणि पाटाच्या उगमापासून एकेका शेताची नावं सांगायची म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच ठेवलं. बंधाऱ्याला लागून पहिलं शेत त्यांचं स्वतःचंच आहे. पाण्याची पहिली पाळी चेअरमनची, आणि ती त्यांनी त्याच आठवड्यात पुरेपूर घेतली होती. 'आपण सर्वांनी मिळून' या शब्दांत पांडू झाकला गेला होता, गाव झाकलं गेलं होतं आणि चेअरमनही झाकले गेले होते. मग मोबाइल तोंडासमोर धरून नेहमीपेक्षा पुष्कळ हळू म्हणाले, "लिव. पयली पाळी चेअरमनची. पानी मी देतो बोलला आनि सोता भरून घेतला. आता त्यानी ती सोडली."

पहिलं दार त्यांचं स्वतःचंच होतं. ते स्वतःच्या घराच्या उंबऱ्याबाहेर पाहुण्यासारखे उभे राहिले, चपला न काढता. त्यांच्या शेतातली भेंडी सगळी विहीणबाईंच्या हातची, लावणीपासून तोडणीपर्यंत. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. व्याह्यांनी मोबाइलवरून मजकूर वाचला. विहीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, एक खडा काढून अंगणात टाकला आणि म्हणाल्या, "मी कालपासून वाट बगते, कदी वाचता त्याची. च्या घ्या आनि पुढच्या घरी जा."

पुढचं घर पांडूचं. तो ओट्यावर बसला होता. यांना पाहून त्याने तोंड फिरवलं. "आता कशाला आलाव? आमी अमूल्य हाव ना," तो म्हणाला. आतून मात्र कपबशीचा आवाज झालाच. व्याही बसले आणि वाचलं: 'पांडू रातचा फळी सरकावतो. फळी सरकवायला त्याचा हात गावात कोन धरनार नाय. आता त्यानी ती उजेडात सरकवावी, भागीबाईच्या बाजूला.' पांडूने चहाची बशी व्याह्यांकडे सरकवली. मग म्हणाला, "रातचा नाय. पहाटंचा." "बरा," म्हणून व्याह्यांनी मास्तरणीला तसा बदल करायला लावला. पांडूने तो पुन्हा वाचून घेतला आणि म्हणाला, "तुमी तुमची सोडली, ते पन ठेवलाय ना वर? मंग माजी घ्या." त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मिळून सगळी दारं फिरलो, आणि मला इतका चहा प्यावा लागला की नंतर चहाचा वासही नको झाला. दोघांनी नाही म्हटलं. व्याह्यांनी तेही लिहिलं: 'दोघांनी नाय सांगितला. कारन मला सांगितला. ते खरा हाय, त्यांना कोनी टोचू नका.' सकाळी सगळा मजकूर खडूने भिंतीवर चढला आणि ग्रुपवरही गेला. ग्रुपवर त्याला एकही अंगठा आला नाही, कारण लोक पाटावर होते.

भागीबाईची भेंडी सगळी वाचली नाही. कडेचे वाफे गेले, मधले उभे राहिले. तिने पहिली तोडणी फडक्यात बांधून आणली आणि व्याह्यांच्या ओट्यावर ठेवून गेली. मास्तरीण अजून आहे. तिला त्यांनी काढून टाकलं नाही. वाटणी करून दिली. कचेऱ्यांना जाणारे अर्ज ती लिहिते, 'उपरोक्त'सकट, आणि ते मंजूर होतात. "ती सरकारच्या दारात जाती, मी गावच्या," असं ते सांगतात. गावची नोटीस मात्र आधी तिला बोलून दाखवतात, ती वाचून दाखवते, आणि ज्या वाक्याला दार नाही ते वाक्य जातं. मधून मधून ती एखादा 'सन्माननीय' घुसवतेच. तेव्हा ते तिला सांगतात, "बाई, सवय हाय तुजी, मला म्हायती हाय. आमच्या व्याह्यांची पन हाय."

आता त्यांचे गुडघे कुरकुरतात. पाटाच्या टोकापर्यंत जाणं होत नाही आणि सगळी दारं तर मुळीच होत नाहीत. त्यामुळे हल्ली गावच संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येतं, आपल्यावर काय लिहिलंय ते ऐकायला. पांडू चहा घरून आणतो. पुढच्या वेळी चेअरमन दुसरा कोणीतरी करा, असं ते म्हणतात. कोणी मनावर घेत नाही, पण ते आता हसून म्हणत नाहीत. परवा गेलो तेव्हा भिंतीवर अक्षरं पहिल्यापेक्षा मोठी आणि ओळी पहिल्यापेक्षा कमी दिसल्या.

गेलो होतो तो हे वाचून दाखवायला. त्यांच्यावर लिहायचं तर त्यांच्याच नियमाने लिहिलं पाहिजे, म्हणून शहापूरहून मुरबाड आणि मुरबाडहून धसईची गाडी असा सगळा प्रवास कागद खिशात घालून केला. ओट्यावर बसून वाचलं. 'उद्धट'पाशी ते हसले, गुडघ्यांपाशी हसले नाहीत. एक वाक्य मात्र मी वाचलं नाही, डोळ्यांनी ओलांडून पुढे गेलो. वाक्य असं होतं: आमची ही गेल्यापासून शहापूरच्या घरात मी एकटा असतो, आणि मुलगी मी त्या घरी दिली खरी, पण माहेर मलाच मिळालं.

वाचून संपल्यावर व्याही म्हणाले, "बरा लिवलाय. पन मधी एक वाक्य गिललाव काय?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खिशातला खडू एकदा चाचपला आणि आत वळून हाक दिली, "अगो, व्याही जेवायला हायत." त्यांच्या नियमाप्रमाणे ते वाक्य काढायला हवं होतं. मी ते ठेवलं आहे. त्या रात्री तिथेच जेवलो, भेंडी होती.